रोधकाची मल्टिमीटरने तपासणी

रोधकाची मल्टिमीटरने तपासणी म्हणजे विद्युत परिपथातील रोधक हा घटक सुस्थितीत आहे की बिघडला आहे, हे त्याचा रोध प्रत्यक्ष मोजून ठरविण्याची पद्धत होय. रोधकावर छापलेले किंवा रंगपट्ट्यांनी दर्शविलेले मूल्य आणि मल्टिमीटरने दाखविलेले मूल्य यांची तुलना करणे हे या पद्धतीचे सार आहे. कृती वरकरणी अगदी सोपी वाटते. तथापि रोधक परिपथात जोडलेला असताना मिळणारा आकडा बहुधा त्या एकट्याचा नसतो, काही बिघाड रोधक गार असताना प्रकट होत नाहीत, आणि विद्युतपुरवठा चालू असताना रोध मोजण्याचा प्रयत्न उपकरणाला व प्रसंगी जिवालाही घातक ठरतो. म्हणून आकडा वाचण्यापेक्षा त्याचा अर्थ लावणे हाच या तपासणीचा महत्त्वाचा भाग आहे.

रोध मोजण्याचे एकक ओहम हे आहे. १,००० ओहम म्हणजे १ किलोओहम आणि १०,००,००० ओहम म्हणजे १ मेगाओहम.

## पार्श्वभूमी

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग सिमोन ओहम यांनी वाहकातील विद्युतधारा आणि त्याच्या टोकांमधील विभवांतर यांचा संबंध १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. विभवांतराला विद्युतधारेने भागले असता रोध मिळतो, हे त्याचे आज शाळेत शिकविले जाणारे रूप. अज्ञात रोध ज्ञात रोधांशी ताडून पाहण्याचा सेतू सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये वर्णिला होता. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८४३ मध्ये तो प्रसिद्धीस आणल्यामुळे त्याला व्हीट्स्टनचे नाव चिकटले. बारावीच्या प्रयोगशाळेतील मीटर सेतू हे त्याचेच एक रूप आहे. सेतूने मिळणारे मूल्य अचूक असते, पण दुरुस्तीच्या टेबलावर दर घटकासाठी सेतू जुळवीत बसणे व्यवहार्य नसते.

ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डोनाल्ड मॅकाडी यांना वेगवेगळी मापनयंत्रे जवळ बाळगण्याचा कंटाळा आला आणि त्यातून एकाच पेटीत अँपिअर, व्होल्ट व ओहम मोजणारे यंत्र जन्मास आले. १९२३ मध्ये ते बाजारात आले. तिन्ही एककांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ॲव्होमीटर’ म्हणू लागले. अंकांत वाचन दाखविणारा व्होल्टमापक अँड्र्यू के यांच्या अमेरिकेतील नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कंपनीने १९५०च्या दशकात तयार केला. आज खिशात मावणारा अंकीय मल्टिमीटर त्याच वंशातील आहे.

## मल्टिमीटर रोध कसा मोजतो

विभवांतर किंवा धारा मोजताना मल्टिमीटर परिपथातील विजेवर काम करतो. रोध मोजताना मात्र तो स्वतःच्या बॅटरीतून रोधकात लहानशी धारा सोडतो. हा फरक एकदा नीट समजला की पुढील जवळजवळ सर्व दक्षता आपोआप समजतात. अंकीय मल्टिमीटरमध्ये ही धारा ज्ञात असते, किंवा तीच धारा यंत्रातील एका प्रमाण रोधकातूनही जाते, आणि दोन्ही ठिकाणच्या विभवांतरांची तुलना करून रोध काढला जातो. बाहेरून आणखी विद्युतदाब मिसळला, तर ही तुलनाच निरर्थक होते.

काटा असलेल्या मल्टिमीटरची रोधपट्टी उलटी असते. शून्य उजवीकडे आणि अनंत डावीकडे. डाव्या बाजूस आकडे दाटीने बसलेले असतात, म्हणून काटा साधारण मध्यावर येईल असा पल्ला निवडावा. बॅटरी वापराने उतरत जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी आणि पल्ला बदलल्यावर पुन्हा, दोन्ही प्रोब एकमेकांस टेकवून काटा शून्यावर आणावा लागतो. अशा बहुतेक यंत्रांत रोध मोजताना काळ्या प्रोबवर बॅटरीचे धन टोक आणि तांबड्यावर ऋण टोक येते. रोधकाला धन-ऋण नसल्याने त्याच्यापुरता याने फरक पडत नाही, पण त्याला समांतर डायोड असेल तर पडतो.

साध्या अंकीय यंत्रात २०० ओहम, २ किलोओहम, २० किलोओहम, २०० किलोओहम आणि २ मेगाओहम असे पल्ले असतात. मोजावयाचा रोध पल्ल्याहून मोठा असला तर पडद्याच्या डाव्या कडेला केवळ १ हा आकडा, किंवा काही यंत्रांत ‘ओएल’ ही अक्षरे दिसतात. नवशिके या १ ला ‘एक ओहम’ समजतात. त्याचा खरा अर्थ ‘या पल्ल्यात मावत नाही’ एवढाच आहे. २०० ओहमच्या पल्ल्यावर १० किलोओहमचा उत्तम रोधकही असाच १ दाखवील. त्यामुळे सर्वांत मोठ्या पल्ल्यावरही तेच दिसेपर्यंत रोधक तुटला असे म्हणू नये.

मल्टिमीटरमधील आवाज करणारी सलगता-तपासणी रोधकासाठी वापरू नये. ती काही दशक ओहमपेक्षा कमी रोध आढळला की वाजते. १० ओहमचा रोधक तिच्यावर वाजेल, १ किलोओहमचा वाजणार नाही, आणि दोघेही सुस्थितीत असू शकतात.

## रोधकावरील खुणा

अपेक्षित मूल्य माहीत नसेल तर मोजलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. तारेची टोके असलेल्या लहान रोधकांवर रंगपट्ट्या असतात: काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८ आणि पांढरा ९. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा क्रम इंद्रधनुष्याचाच आहे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून दिले की पाठांतराचा निम्मा भार उतरतो. चार पट्ट्यांपैकी पहिल्या दोन अंक देतात, तिसरी त्यापुढील शून्ये सांगते आणि चौथी सह्यता, म्हणजेच टॉलरन्स, सांगते. सह्यतेसाठी सोनेरी म्हणजे ५ टक्के, चंदेरी म्हणजे १० टक्के, तांबडा २ टक्के व तपकिरी १ टक्का. चौथी पट्टीच नसेल तर २० टक्के. पाच पट्ट्यांच्या रोधकात अंकांच्या पट्ट्या तीन असतात.

उदाहरणार्थ पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी या पट्ट्यांचा रोधक ४,७०० ओहमचा आणि ५ टक्के सह्यतेचा आहे. त्याचे वाचन ४,४६५ ते ४,९३५ ओहम या मर्यादेत आले तर तो निर्दोष होय. मल्टिमीटरची स्वतःची चूकही यात धरावी लागते. सामान्य प्रतीच्या यंत्रात ती सुमारे १ टक्का असते. ४,९५० ओहम दिसले म्हणून रोधक टाकून देणे हा उतावीळपणा ठरेल.

४,७०० हा आकडा अनेकांना विचित्र वाटतो. सरळ ५,००० का नाही? रोधकांची मूल्ये ठरावीक श्रेणीत बनविली जातात. १० टक्के सह्यतेच्या श्रेणीत एका दशकात १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ आणि ८२ अशी बारा मूल्ये येतात. प्रत्येक मूल्य मागच्याच्या सुमारे १.२ पट असते, त्यामुळे एकाची वरची मर्यादा पुढच्याच्या खालच्या मर्यादेला जवळपास भिडते. तपासणी करणाऱ्यास याचा उपयोग असा, की पट्ट्या वाचून ४३ किंवा ५० असे न बसणारे अंक आले तर वाचन उलट्या टोकाकडून तर केले नाही ना, किंवा तो अधिक अचूक श्रेणीतील रोधक तर नाही ना, हे पुन्हा पाहता येते.

फलकाच्या पृष्ठभागावर चिकटविलेल्या चपट्या रोधकांवर अंक छापलेले असतात. ४७२ म्हणजे ४७ पुढे दोन शून्ये, अर्थात ४,७०० ओहम. १०३ म्हणजे १०,००० ओहम. केवळ ० छापलेला तुकडा हा रोधक नसून जोडतारेचे काम करणारा दुवा असतो. तो शून्य ओहम दाखवतो म्हणून त्याला दोष देऊ नये.

## रोधक कसे बिघडतात

रोधकाच्या बिघाडाबाबत एक सर्वसाधारण नियम सांगता येतो: त्याचा रोध वाढतो किंवा तो पूर्ण तुटतो, तो ‘शॉर्ट’ होणे अत्यंत विरळ. धारित्रे (बोलीत कपॅसिटर) आणि ट्रान्झिस्टर मात्र शॉर्ट होण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. फलकावर एखाद्या रोधकाच्या दोन टोकांमध्ये शून्य ओहम दिसले, तर रोधकावर संशय घेण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावे.

बिघाडाचे स्वरूप रोधकाच्या जातीवर अवलंबून असते. कार्बनची भुकटी व बंधक द्रव्य दाबून बनविलेले जुने रोधक हवेतील ओलावा शोषून घेतात आणि वर्षानुवर्षे त्यांचा रोध हळूहळू चढत जातो. १०० किलोओहम लिहिलेला रोधक १५० किलोओहम दाखवतो आणि बाहेरून तो अगदी नवा दिसतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत राहिलेल्या संचांत, अशा रोधकांवर आधी नजर टाकणे श्रेयस्कर. कार्बनपटलाचे व धातुपटलाचे रोधक जादा धारेने तापले की पटलाचा एक अरुंद भाग जळून ते तुटतात. तारगुंडाळी रोधकात नायक्रोमसारख्या मिश्रधातूची तार गुंडाळलेली असते. ती बहुधा टोकाच्या सांध्याजवळ तुटते. चपटे रोधक फलक वाकल्याने तडकतात, आणि गंधकयुक्त वायूंच्या सान्निध्यात त्यांच्या टोकांतील चांदी गंजून ते निकामी होतात.

तापण्याचे गणित सोपे आहे. रोधकात खर्च होणारी शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. १०० ओहम, पाव वॉटचा रोधक ५ व्होल्ट विभवांतर, म्हणजे ५० मिलिअँपिअर धारा, सहन करू शकतो. त्याच्या पुढील ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन त्याच्यावर १२ व्होल्ट आले तर शक्ती १.४४ वॉट होते, क्षमतेच्या जवळजवळ सहापट. रोधक काळा पडतो. येथे गुन्हेगार ट्रान्झिस्टर असून रोधक बळी ठरला आहे. दुरुस्तीत सर्वांत अधिक पैसा वाया जातो तो याच ठिकाणी: जळालेला रोधक बदलला जातो, यंत्र चालू केले जाते आणि नवा रोधकही काही क्षणांत जळतो. मल्टिमीटरने रोधक तुटला असल्याचे सिद्ध झाले की तपासणी संपत नाही. तो का तुटला हा प्रश्न तिथून सुरू होतो.

याहून वेगळा एक बिघाड उच्च विद्युतदाबाखालील मोठ्या मूल्याच्या रोधकांत आढळतो. दूरदर्शन संच, संगणक इत्यादींच्या स्विचिंग वीजपुरवठ्यात यंत्र सुरू होण्यासाठी शेकडो किलोओहमचा एक रोधक सुमारे ३०० व्होल्टच्या रेषेला जोडलेला असतो. त्यात शक्ती फारशी खर्च होत नाही, तो काळा पडत नाही, पण सततच्या विद्युतदाबाने काही वर्षांनी त्याचा रोध वाढतो किंवा तो तुटतो. ‘यंत्र मृत, फ्यूज शाबूत’ अशा तक्रारीत याची तपासणी लवकर करावी.

## तपासणीपूर्वीची दक्षता

विद्युतपुरवठा केवळ बटण दाबून बंद करणे पुरेसे नाही. प्लग भिंतीतून काढावा. जुन्या घरांत कधी कधी बटण चुकून न्यूट्रल तारेत बसविलेले असते. अशा वेळी बटण बंद असूनही उपकरणात फेज राहतो. पंखा, दिवा यांसारख्या थेट जोडलेल्या वस्तूंसाठी मेन स्विच बंद करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

त्यानंतर धारित्रे रिकामी करणे. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि एकदिशकानंतरचे धारित्र या दाबापर्यंत भारित होते. १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात अशा वेळी सुमारे ५ जूल ऊर्जा साठलेली असते. प्लग काढल्यानंतरही ती बराच वेळ टिकू शकते. स्क्रूड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची प्रथा कारागिरांत दिसते. ती टाळावी, कारण वितळलेला धातू डोळ्यांत उडू शकतो आणि धारित्रालाही इजा होते. १० किलोओहम, ५ वॉटचा रोधक अवरोधित पकडीने धरून टोकांना लावल्यास असे धारित्र सुमारे ५ सेकंदांत निर्धोक पातळीवर येते. तरीही मल्टिमीटर एकदिश व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवून खात्री करून घ्यावी आणि मगच निवडचक्र ओहमकडे फिरवावे. हा क्रम उलटा झाला तर मल्टिमीटर जळण्याची शक्यता असते.

घरगुती विजेजवळ काम करताना मल्टिमीटर त्या जागेस योग्य अशा सुरक्षा-वर्गाचा असावा. हे वर्ग आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्रावरच छापलेले असतात. तांबडी तार १० अँपिअरच्या छिद्रात राहून गेलेली नाही हेही पाहावे. त्या स्थितीत विभवांतर मोजावयास गेल्यास दोन प्रोबांमध्ये प्रत्यक्ष शॉर्ट सर्किट होते.

## सुट्या रोधकाची तपासणी

प्रथम प्रोब एकमेकांस टेकवून पाहावेत. अंकीय यंत्रात ०.१ ते ०.५ ओहम दिसतात. तो तारांचा स्वतःचा रोध होय. आकडा स्थिर नसेल तर तारच आतून तुटत आलेली असते आणि तिने घेतलेल्या कोणत्याही वाचनावर विसंबता येत नाही. मग अपेक्षित मूल्याच्या लगेच वरचा पल्ला निवडून, रोधकाच्या टोकांवरील गंज किंवा मळ खरवडून, प्रोब घट्ट टेकवावेत.

रोधकाची दोन्ही टोके दोन्ही हातांच्या बोटांनी धरू नयेत. शरीराचा रोध त्याला समांतर जोडला जातो. कोरड्या हातांचा रोध शेकडो किलोओहमपासून काही मेगाओहमपर्यंत असू शकतो. १ मेगाओहमचा रोधक १ मेगाओहम रोध असलेल्या माणसाने दोन्ही हातांत धरला, तर यंत्र ५०० किलोओहम दाखवील आणि चांगला रोधक वाईट ठरेल. १०० ओहमच्या रोधकात मात्र हाच दोष जाणवतही नाही. वर्गातील विद्यार्थी लहान मूल्यांवर सराव करतात, त्यामुळे ही सवय त्यांना पुढे मोठ्या मूल्यांवर फसवते. एक टोक बोटांनी आणि दुसरे चिमट्याने धरले की प्रश्न मिटतो.

वाचन स्थिर असताना रोधकाच्या टोकांना हलकेच हालवून पाहावे. आकडा उड्या मारू लागला तर टोकाचा सांधा सैल झालेला आहे.

## परिपथातच केलेली तपासणी

फलकावरील प्रत्येक रोधक काढून मोजणे वेळखाऊ असते आणि वारंवार डाख काढल्याने फलकावरील तांब्याच्या वाटा उखडतात. म्हणून रोधक जागेवर असतानाच मोजून त्यातून काय निष्कर्ष निघतो ते पाहिले जाते. समजा १० किलोओहमच्या रोधकाला परिपथातील इतर मार्गांनी ४.७ किलोओहम समांतर आहेत. यंत्र सुमारे ३.२ किलोओहम दाखवील. यावरून रोधक बिघडला असे म्हणता येत नाही, तो चांगला आहे असेही म्हणता येत नाही.

पण समांतर जोडणीचा एक गुण येथे फार उपयोगी पडतो. समांतर मार्ग कितीही असले तरी एकूण रोध त्यांतील सर्वांत लहान रोधाहून कमीच राहतो. त्यामुळे जागेवरचे वाचन छापील मूल्यापेक्षा कमी असल्यास काहीच सिद्ध होत नाही; ते सह्यतेपलीकडे जास्त असल्यास रोधक निश्चितपणे बिघडलेला असतो. वर सांगितलेला १० किलोओहमचा रोधक फलकावरच १४ किलोओहम दाखवीत असेल, तर सुटा केल्यावर तो १४ किंवा त्याहून अधिकच दाखवील. अट एकच, धारित्रांत भार शिल्लक नसावा. मोठे धारित्र समांतर असेल तर मल्टिमीटरच्या धारेने ते हळूहळू भारित होत राहते आणि आकडा सरकत जातो. तो थांबेपर्यंत धीर धरावा.

डायोड व ट्रान्झिस्टर समांतर असल्यास प्रोबांची अदलाबदल करून दुसरे वाचन घ्यावे. दोन्ही वाचने वेगळी आली तर अर्धवाहक घटक मध्ये येत आहे असे समजावे आणि दोहोंपैकी मोठ्या वाचनाला अधिक महत्त्व द्यावे. अनेक अंकीय यंत्रे रोध मोजताना इतका कमी दाब लावतात की सिलिकॉनचा सांधा वाहू लागत नाही. काट्याच्या यंत्रात तसे नसते.

संशय उरलाच तर रोधकाचा एक पाय डाख वितळवून वर उचलावा. दोन्ही पाय काढण्याची आवश्यकता नसते. एक टोक सुटले की समांतर मार्ग तुटतात. रोधक गार होऊ द्यावा, मग मोजावा.

## चालू परिपथातील अप्रत्यक्ष तपासणी

काही रोधक गार असताना योग्य मूल्य दाखवतात आणि तापल्यावर किंवा पूर्ण विद्युतदाबाखाली तुटतात. ओहमच्या पल्ल्यावर ते सापडत नाहीत. अशा वेळी परिपथ चालू ठेवून रोधकावरील विभवांतर मोजावे लागते. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर १ किलोओहम व २ किलोओहमचे रोधक एकसर जोडले असल्यास त्यांच्यावर अनुक्रमे ४ व ८ व्होल्ट दिसतील. २ किलोओहमचा रोधक तुटला तर धारा थांबते. त्याच्यावर पूर्ण १२ व्होल्ट आणि दुसऱ्यावर शून्य दिसते. एकसर साखळीत ज्याच्यावर सगळा दाब एकवटला आहे, तोच तुटलेला घटक होय. ही पद्धत कमी दाबाच्या परिपथांतच विद्यार्थ्यांनी वापरावी. थेट घरगुती विजेच्या बाजूला असलेल्या भागात ती अनुभवी कारागिरासाठीही जोखमीची आहे.

## एक उदाहरण: पंख्याचा जुना रेग्युलेटर

भिंतीवरील जुना, पेटीवजा पंखा-रेग्युलेटर हा तारगुंडाळी रोधकाचा उत्तम नमुना आहे. चिनी मातीच्या आधारावर गुंडाळलेल्या रोधतारेला ठिकठिकाणी फाटे काढलेले असतात आणि फिरता स्विच त्यांपैकी एकेक निवडतो. १ वर संपूर्ण तार पंख्याशी एकसर येते, पुढे तारेचे भाग कमी होत जातात, आणि ५ वर तार पूर्णपणे वगळली जाते. त्यामुळे कोणत्या गतीवर पंखा थांबतो यावरूनच तार कोठे तुटली ते कळते. फक्त १ वर पंखा फिरत नसेल तर पहिल्या व दुसऱ्या फाट्यामध्ये तुटले आहे. १, २ व ३ वर फिरत नसेल आणि ४ व ५ वर फिरत असेल तर तिसऱ्या व चौथ्यामध्ये. मल्टिमीटरने, मेन स्विच बंद करून व तारा सोडवून, लगतच्या फाट्यांमधील रोध मोजला की त्याची पुष्टी होते. तुटलेल्या भागात अनंत रोध दिसतो. प्रत्येक भाग शाबूत असूनही पंखा अडत असेल तर दोष स्विचच्या संपर्कपट्टीत असतो, रोधकात नव्हे.

आधुनिक टप्प्यांच्या रेग्युलेटरात रोधतारेऐवजी धारित्रे असतात. प्रत्येक धारित्राला समांतर असा शेकडो किलोओहमचा एक लहान रोधक असतो. त्याचे काम पंख्याच्या गतीशी संबंधित नाही. बंद केल्यावर धारित्राचा भार काढून घेणे एवढेच त्याचे काम. तो तुटला तरी पंखा पूर्वीसारखाच फिरतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे कधी रेग्युलेटर बदलावयास गेलेल्या माणसाला वीज बंद असूनही झटका बसतो, तो या मूक बिघाडामुळे.

## अत्यल्प रोध आणि विशेष जातीचे रोधक

१ ओहमहून कमी मूल्याच्या रोधकांसाठी साधा मल्टिमीटर अपुरा पडतो. ध्वनिवर्धकातील ०.२२ ओहमचा रोधक ०.५ ओहम दाखवू शकतो, तारांचे ०.३ ओहम वजा केल्यावर आकडा जागेवर येतो. काही यंत्रांत ही वजाबाकी एका बटणाने होते. खरी अचूकता हवी असेल तर चार तारांची केल्विन पद्धत वापरतात. तीत धारा एका जोडीने पाठविली जाते व विभवांतर दुसऱ्या जोडीने मोजले जाते.

आवाज कमी-जास्त करण्याच्या चलरोधकाची प्रथम बाहेरील दोन टोके मोजावीत, नंतर मधले टोक व एक बाहेरील टोक यांच्यात प्रोब ठेवून दांडा सावकाश फिरवावा. येथे काट्याचे यंत्र अंकीय यंत्राहून सरस ठरते: झिजलेल्या जागी काटा क्षणभर झेपावतो आणि डोळ्यांना ते लगेच दिसते. तापमानाने रोध कमी होणारा थर्मिस्टर बोटांच्या उबेनेही आकडा खाली आणतो. प्रकाशसंवेदी रोधक हाताने झाकला की त्याचा रोध वाढतो. विद्युतदाबाच्या लाटेपासून संरक्षण देणारा व्हॅरिस्टर सुस्थितीत अनंत रोध दाखवतो. तो शॉर्ट झाला तर मल्टिमीटरला कळते, पण आतून तुटून निकामी झालेला व्हॅरिस्टर व चांगला व्हॅरिस्टर यांतील भेद मल्टिमीटर करू शकत नाही.

इस्त्री, गीझर यांचे तापक घटकही रोधकच आहेत. २३० व्होल्टवर १,००० वॉट घेणाऱ्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम आणि २,००० वॉटच्या गीझरचा सुमारे २६ ओहम असतो. नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नसल्याने गार असताना घेतलेले वाचन या गणिताशी जुळते. तंतूच्या दिव्याचे तसे नाही. १०० वॉटच्या दिव्याचा जळतानाचा रोध ५२९ ओहम असला तरी गार टंगस्टन तंतू त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दाखवतो. गीझरच्या बाबतीत घटकाचे टोक व बाहेरील धातूचे आवरण यांच्यातही मोजावे. तेथे अनंताऐवजी काही किलोओहम दिसले तर आवरणात पाणी शिरले आहे आणि पाण्याला वीज लागण्याचा धोका आहे. मल्टिमीटरने अनंत दाखविले तरी त्यावरून अवरोधन उत्तम असल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरतात.

## जळालेला रोधक ओळखणे व बदलणे

तापाने रंग बदलतात. तांबडी व नारिंगी पट्टी तपकिरी दिसू लागते, म्हणून काळवंडलेल्या रोधकावरील रंगांवर विश्वास ठेवू नये. स्टिरिओ ध्वनिवर्धकात दुसऱ्या बाजूचा जुळा रोधक मोजता येतो. तशी सोय नसल्यास पटलाच्या रोधकाचे वरचे आवरण हलक्या हाताने खरवडून, एका टोकापासून तुटलेल्या जागेपर्यंत आणि तेथून दुसऱ्या टोकापर्यंत, असे दोन भाग वेगवेगळे मोजतात. दोहोंची बेरीज मूळ मूल्याहून थोडी कमी भरते; श्रेणीतील जवळचे वरचे मूल्य हा बहुधा योग्य अंदाज असतो. परिपथाची आकृती मिळाल्यास हा खटाटोप करू नये.

बदली रोधक तेवढ्याच किंवा अधिक वॉटचा चालतो. विद्युतदाबाची मर्यादाही पाहावी लागते: पाव वॉटच्या सामान्य रोधकाची मर्यादा बहुधा २५० व्होल्ट असते, म्हणून ३२५ व्होल्टच्या रेषेवर अनेक कारखानदार दोन रोधक एकसर लावतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याने त्या जागी एकच लावून काटकसर करू नये. फ्यूजसारखे काम करणारे रोधक, जे एलईडी दिव्यांच्या व चार्जरच्या प्रवेशाशी आढळतात, जादा धारेने पेट न घेता तुटावेत अशाच बेताने बनविलेले असतात. त्यांच्या जागी अधिक वॉटचा साधा रोधक किंवा तारेचा तुकडा लावला तर पुढील बिघाडात तुटावयास काहीच उरत नाही आणि आग लागू शकते. त्याच जातीचा रोधक मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत अल्प किमतीत मिळतो. विकत घेतलेला नवा रोधकही बसविण्यापूर्वी एकदा मोजून घ्यावा, कारण खणांत मूल्यांची सरमिसळ होते.